गणपूर्तीअभावी

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी विद्यार्थी परिषदेच्या अपील समितीची बैठक गणपूर्तीअभावी तहकूब झाली. विषय एकच होता: स्थापत्य विभागातल्या एका परदेशी संशोधक विद्यार्थ्याची रद्द झालेली नोंदणी. त्यावर समितीने आपलं मत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कुलसचिवांच्या कार्यालयात पोचवायचं होतं. पोचलं नाही, तर विद्यार्थ्याने अपील मागे घेतलं असं धरलं जाणार होतं. अपील गेलं की नोंदणी गेली, नोंदणी गेली की राहण्याचा परवाना गेला, आणि परवाना गेला की त्या माणसाने, त्याच्या बायकोने आणि शाळेत जाणाऱ्या मुलीने सामान बांधायचं.

गणपूर्तीला पाच जण लागतात. चार वाजता खोलीत पाच जण होते, दहा मिनिटांनी चार. पाचवी बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या यंत्राशेजारी उभी होती, आणि तिला कुणी घालवलेलं नव्हतं. ती आपल्या पायांनी बाहेर आली होती.

ती संशोधक विद्यार्थ्यांची निवडून आलेली प्रतिनिधी. स्वतःही परदेशीच, आणि काम काँक्रीटवर. ज्याचं अपील होतं तो तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्या पाठीमागच्या टेबलावर बसायचा. वय चाळिशीला टेकलेलं, चांगली नोकरी सोडून उशिरा शिकायला आलेला, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्याला काका म्हणायची. त्याच्या बायकोला मग ओघानेच काकू. "मला काकू म्हणून म्हणून माझे केस पिकवणार तुम्ही," असं ती कुरकुरायची, पण हाक मारली की ओ द्यायची.

काकाने गुन्हा म्हणावा असं काही केलं नव्हतं. त्याचे मार्गदर्शक उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठात गेले. त्यांच्यामागे काकाच्या वार्षिक अहवालावर सही कुणी करायची, हे कुणी ठरवलं नाही. अहवाल विभागात पडून राहिला, मुदत उलटली आणि संगणकाने नाव गाळलं. विभागप्रमुख म्हणाले, वाईट झालं. कार्यालयातला कारकून म्हणाला, फार वाईट झालं. भांडायला समोर कुणी हवं, तर तसं कुणीच नव्हतं.

बैठकीत समितीच्या अध्यक्षाने, कायद्याच्या वर्गातला म्हणून त्याला सगळे वकील म्हणत, विषय वाचून दाखवला आणि ठरलेला प्रश्न विचारला, "अर्जदाराशी कुणाची ओळख?"

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. न पाहण्यातच कळत होतं की सगळ्यांना माहीत आहे.

"ओळख म्हणजे जवळची हं, ताई," वकील कागदांकडे बघत म्हणाला. "येता-जाता नमस्कार घालतो, ती काही ओळख नव्हे."

"आम्ही एका प्रयोगशाळेत आहोत," ती म्हणाली. "त्यांच्या घरी जेवलेय मी."

"बरं."

"पण मी गेले तर चारच उरता."

"धावपटू येतोय. त्याचा आत्ताच निरोप आलाय, निघालोच म्हणून."

समितीत सात जण, त्यांतले दोन गैरहजर. एक भूगर्भशास्त्राचा, तो डोंगरात दगड गोळा करायला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. दुसरा हा धावपटू. 'निघालोच' म्हणणारा माणूस अजून आंघोळीलाही गेलेला नसतो, हे कुणालाही कळतं, तिलाही कळत होतं. तरी ती उठली. उठताना तिच्या मनात काय होतं ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की खुर्चीचा आवाज होऊ नये म्हणून तिने ती उचलून मागे सरकवली होती.

नियमाप्रमाणे अध्यक्षाने दहा मिनिटं वाट पाहिली. मग दार उघडलं आणि एकेक जण दप्तर सावरत तासाला पळाला.

ती दारात आडवी आली. "मी आत येते. बोलत नाही, मत देत नाही. नुसती बसते. पाच तर होतील?"

"ताई," वकिलाचा चेहरा पडला होता, "खोली सोडायची आणि गणपूर्तीतही धरायचं नाही. तूच लिहिलंयस. मी वाचून दाखवू का?"

"नको."

धावपटू साडेचारच्या सुमारास आला. केस ओले, गळ्यात टॉवेल. "काय, झालं पण?" म्हणाला.

तो नियम तिनेच आणला होता हे खरं. वसतिगृहातल्या कुटुंबासाठीच्या खोल्या त्या काळी याच समितीकडून मिळायच्या, आणि त्या कुणाला मिळायच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. काका, काकू आणि मुलगी तेव्हा एका माणसाच्या खोलीत दाटीवाटीने राहत होती. त्या रागातच ती निवडणुकीला उभी राहिली. तिचं आश्वासन एकच होतं: ज्याची अर्जदाराशी ओळख, त्याने खोली सोडायची. भाषणं तिला येत नव्हती. पण परदेशी पोरांनी रांगा लावून मतं दिली.

मसुदा प्रयोगशाळेत झाला. ती आणि काका ठोकळे फोडत होते. काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, चार आठवडे पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि मग यंत्रात दाबून किती भार सोसतात ते बघायचं, हा त्या दोघांचा धंदा. काकाने वाक्य ऐकलं आणि मान हलवली.

"नुसतं बाहेर बसवून काय होणार? आकड्यात राहिलाच की तो. बाहेर बसूनही बैठक भरवतो."

"मग?"

"आपण आतून पोकळ निघालेल्या ठोकळ्याचं काय करतो? बाजूला टाकतो, आणि सरासरीतही धरत नाही. तसंच लिही. धरायचं नाही."

तिला ते फार पटलं. नियम एकमताने मंजूर झाला, टाळ्या वाजल्या. प्रयोगशाळेत पोकळ ठोकळे जास्त निघाले तर नवे ओतता येतात, आणि समितीत माणसं ओतता येत नाहीत, हे त्या दिवशी दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

काका खाली जिन्यापाशी बाकावर बसला होता. गळ्यात टाय होता. बैठकीत त्याला बोलावणार नव्हते, तरी तो टाय बांधून आला होता.

"झालं?"

"नाही झालं. कोरम भरला नाही."

"म्हणजे माझ्या विरोधात गेलं?"

"नाही हो. कुणाच्याच बाजूने गेलं नाही. मतच झालं नाही."

"तू होतीस ना आत?"

"मी बाहेर आले."

"का?"

"तुम्हाला ओळखते म्हणून."

काका तिच्याकडे बघत राहिला. "ओळखतेस म्हणूनच तर तुला तिथे पाठवलं होतं सगळ्यांनी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

जरा वेळाने त्याने विचारलं, "ते 'धरायचं नाही'. ते माझंच ना?"

"तुमचंच."

"वाक्य चांगलं होतं," काका म्हणाला, आणि टाय सैल करून खिशात घातला.

त्यानंतर तिने जे जे केलं ते सगळं रास्त होतं आणि त्यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही. परिषदेच्या सचिवबाई पगारी नोकर, पोरं दर वर्षी बदलतात आणि त्या तिथेच असतात. त्यांनी सांगितलं, तातडीची बैठक बोलावता येते, पण एक पूर्ण दिवस आधी नोटीस लागते. "आत्ता काढली तर उद्या संध्याकाळी बसाल."

"मुदत दुपारी बाराची आहे."

"ते मला कळतंय गं. दिवस मी लहान करू का?"

कुलसचिवांच्या कार्यालयात खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. कारकून चष्मा पुसत म्हणाला, "मुदतवाढ मिळते. अर्जदाराने मागायची, मार्गदर्शकांच्या शिफारशीने."

"त्यांना मार्गदर्शकच नाहीत. भांडण त्याचंच आहे."

"मग आधी मार्गदर्शक नेमून घ्या."

"नोंदणी नसलेल्याला मार्गदर्शक नेमतात?"

कारकुनाने खरंच विचार केला. "नाही," तो म्हणाला, "नोंदणी लागते." आणि आपण दोघं एकाच गावचे असल्यासारखा तिच्याकडे बघून हसला. माणूस वाईट नव्हता.

जुन्या मार्गदर्शकांनी फोन लगेच घेतला. काकाबद्दल चांगलं बोलले, दोनदा बोलले. "पण मी आता तिथला कोण? माझं शिफारसपत्र म्हणजे शेजाऱ्याने दिलेला दाखला." नव्या प्रयोगशाळेत मागे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. काळजी घ्या म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी खोलीवर येऊन चपला काढतेय तोच आईचा फोन.

"काय म्हणतेय आमची आमदारीण? मावशी रोज विचारते."

"आई, आज नको ना."

"का, काय झालं? खाल्लंस का?"

तिने सांगितलं. काका, अहवाल, कोरम, सगळं. आईने मध्ये एक शब्द काढला नाही, म्हणजे आई नीट ऐकत होती.

"पण तू निवडून आलीस ना?" आई शेवटी म्हणाली. "मग एक सही करून टाक आणि मोकळी कर त्या बिचाऱ्याला."

"माझी सही चालत नाही."

"बाकीच्यांची चालते?"

"चालते."

"त्यांना तो माहीत पण नाही."

"म्हणूनच चालते."

आई म्हणाली, "बाळा, असल्या नेतेगिरीपेक्षा शाळेत वर्गाची मॉनिटर होतीस तेव्हा बरी होतीस. निदान फळ्यावरचं नाव पुसता तरी येत होतं."

ती हसली. मग तिने रेंज जातेय असं सांगून फोन बंद केला.

शुक्रवारी सकाळी वकिलाने वाट शोधली. रात्रभर नियमांचं पुस्तक घेऊन बसला असावा, डोळे सुजले होते. सगळ्या सदस्यांनी लेखी संमती दिली तर नोटीस लागत नाही. सात संमत्या. धावपटू या वेळी सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता आणि कुणाशी नजर मिळवत नव्हता. अकरा वाजता खोलीत ती सोडून पाच जण होते. गणपूर्ती भरत होती. संमत्या सहा झाल्या, तिची धरून.

"माझी धरायची का पण?" तिने विचारलं.

"ते नियमात नाही," वकील म्हणाला. "तेवढं लिहायचं राहून गेलं असेल. धरतो."

सातवी संमती डोंगरात होती. भूगर्भवाल्याच्या विभागात विचारलं, त्यांनी तळावरचा नंबर दिला. तळावरच्या माणसाने सांगितलं, पोरं पहाटेच वर गेली, रविवारी उतरतील. वर निरोप पाठवता येईल का? "येईल की. कुणीतरी चालत गेलं तर."

साडेअकराला वकिलाने टेबलावर हात ठेवले. "बसू या," तो म्हणाला. "चुकलं तर चुकलं."

"ताई, तू..." कुणीतरी म्हणालं.

"जातेय," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्याच्या यंत्राशेजारी जाऊन उभी राहिली. कागदी पेल्यात पाणी घेतलं आणि प्यायचं विसरली. आतून वकिलाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. काकाबद्दल तिला जे माहीत होतं ते आत कुणालाच माहीत नव्हतं. मार्गदर्शक गेल्यावरही तो रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन टाकीतलं पाणी बदलायचा. विभागात अहवालाची चौकशी करायला तो इतक्या वेळा गेला होता की तिथला शिपाई त्याला खुर्ची काढून द्यायचा. दार काचेचं होतं. आतल्यांना ती दिसत होती. कुणी वळून पाहिलं नाही, आणि ते नियमाला धरूनच होतं.

मत पाच विरुद्ध शून्य पडलं: नोंदणी पूर्ववत करावी. कागद तिने न्यायचा की नाही यावर दारातच दोन मिनिटं गेली. शेवटी सचिवबाई निघाल्या. त्यांना भराभर चालता येत नव्हतं, गुडघा धरायचा. त्या पुढे आणि ती दहा पावलं मागे, अशा दोघी पटांगण ओलांडून गेल्या. वाटेत एकदा बाई थांबल्या तेव्हा तीही थांबली.

खिडकीवर बारा वाजायच्या आत कागद पोचला. कारकुनाने शिक्का उचलला, मग खाली ठेवला. "ही तातडीची बैठक. सगळ्यांच्या संमत्या?"

"सहा आहेत," सचिवबाई म्हणाल्या. खोटं त्या बोलल्या नसत्या, आणि त्यांनी बोलावं असं म्हणायला हिला तोंड नव्हतं.

कारकुनाने शिक्का मारला आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: वेळेत प्राप्त, ग्राह्य की कसे, तपासावे.

बातमी सांगायला ती काकाच्या घरी गेली तेव्हा काकूने दार उघडलं. मागे भिंतीला दोन मोठ्या बॅगा उभ्या होत्या, रिकाम्या की भरलेल्या ते कळत नव्हतं.

"सगळे आपल्या बाजूचे होते, काकू. पाचच्या पाच."

"मग चांगलं झालं की."

"ते धरतील की नाही माहीत नाही."

काकूने तिच्याकडे पाहिलं. तिला राग आला असेलही, पण तो तिने दाखवला नाही. "तुमच्याकडे मतं देऊन झाल्यावर ठरतं होय, मतं द्यायची होती का ते," ती म्हणाली, आणि मुलीच्या गणवेशाला इस्त्री करायला आत वळली.

रविवारी भूगर्भवाला डोंगरावरून उतरला. फोन चालू करताच त्याला तिचेच निरोप एकामागून एक आले. त्याने घाबरून फोन केला. "अगं, मी हो म्हटलं असतं! शंभरदा म्हटलं असतं! आत्ता लिहून देऊ का?"

"दे."

"चालेल?"

"माहीत नाही. तू दे."

समितीच्या मतावर शेवटचा निर्णय घ्यायचा तो विद्यापीठाच्या अपील मंडळाने; त्याची बैठक सोमवारी झाली. काका टाय बांधून बाहेर बसला होता. त्याला आत बोलावलं नाही. संध्याकाळी त्याला एवढंच सांगण्यात आलं की समितीचं मत ग्राह्य आहे का आणि मागाहून दिलेली संमती धरायची का, हे प्रश्न विधी कक्षाकडे पाठवले आहेत. उत्तर येईपर्यंत नोंदणी आहे की नाही, असं त्याने विचारलं. तोही प्रश्न पाठवू, असं उत्तर मिळालं. परवान्याच्या कार्यालयाने फोनवर सांगितलं, नोंदणी असेल तर परवाना आहे.

मंगळवारी काकाच्या ठोकळ्यांना चार आठवडे पुरे होत होते. त्याच दिवशी फोडले नाहीत तर सगळी मालिका वाया. सकाळी तो प्रयोगशाळेच्या दाराशी आला. ती आधीच तिथे उभी होती. प्रयोगशाळेचं दार कार्डावर उघडतं आणि कार्ड नोंदणीवर चालतं. काकाने कार्ड खिशातून काढलं, शर्टाला पुसलं, खाचेवर टेकवलं. हिरवा दिवा लागला.

दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"लागला," ती म्हणाली.

"लागला खरा."

तिने तिथूनच कार्ड विभागाला फोन केला. नाव गाळल्याची खबर आपल्याकडे लगेच येते असं नाही, तिथला माणूस म्हणाला. कधी त्याच दिवशी येते, कधी आठवडा जातो. दिवा हिरवा आहे याचा अर्थ एवढाच, की दिवा हिरवा आहे.

काकाने टाकीतून ठोकळे काढले, फडक्याने पुसले, ओळीने मांडले. एकही पोकळ दिसत नव्हता. पहिला ठोकळा यंत्रात ठेवून त्याने भार चढवायला घेतला. काटा हळूहळू वर सरकत होता. ठोकळा फुटल्यावर त्याने आकडा मोठ्याने म्हटला, तिने लिहून घेतला, जसं ते नेहमी करत.

दुपारी ती जेवायला निघाली. "चला, काका."

"तू जा. मी आहे इथेच."

"अहो, एवढंच आहे ना, बाहेर गेल्यावर कार्ड चाललं नाही तर? मी उघडते ना दार. माझं चालतंय."

काकाने मान हलवली. दुसरा ठोकळा उचलून त्याच्या कडा अंगठ्याने तपासत तो म्हणाला, "तुझ्या कार्डाने नको. तू मला ओळखतेस."

तिने बाहेरून त्याच्यासाठी जेवण आणलं. ते त्याने यंत्राशेजारी उभ्यानेच खाल्लं. संध्याकाळी पाचपर्यंत विधी कक्षाकडून काही आलेलं नव्हतं. ठोकळे संपले होते, टेबल पुसून झालं होतं, आणि काका अजून आतच होता.